इमाली: किनाऱ्याने उतरलेला शब्द

(डर्बन, दक्षिण आफ्रिका. वॉरविक जंक्शनचा टॅक्सी स्टँड.)

इथली टॅक्सी म्हणजे मिनीबस. ती भरली की मागच्या बाकावरचं भाडं निघतं पुढे. या हातातून त्या हातात, थेट चालकापर्यंत. या पैशाला इथल्या झुलू भाषेत म्हणतात इमाली. शेजारच्या खोसा भाषेतही इमालीच.

सुरुवातीचा 'इ' इथला. पाहुण्या शब्दाला तो चिकटतोच. बसची होते इभासी. 'इ' काढला की उरतो 'माली', आणि मराठी कान टवकारतात. आपल्या मालमत्तेतला 'माल' तोच. मूळ अरबी. आपल्याकडे तो फारसीच्या हाताने आला, इकडे समुद्राने.

(झांझिबार, पूर्व आफ्रिकेजवळचं बेट. शिडाची गलबतं.)

ही शिडं नीट पाहा. ईशान्येचा वारा धरून अरबस्तानातून, कच्छ-काठियावाडातून गलबतं इकडे यायची आणि नैऋत्येच्या वाऱ्यावर परतायची. येताना कापड आणि मणी, जाताना हस्तिदंत. सौदा चालायचा या किनाऱ्याच्या स्वाहिली भाषेत, आणि स्वाहिलीत माली म्हणजे धन. आता किनाऱ्याने खाली चला. झिम्बाब्वेच्या शोना भाषेत 'मारी'. मोझांबिकच्या दक्षिणेला, त्सोंगात, पुन्हा 'माली'. तिथे मापुटोचा उपसागर, जुन्या नकाशांतला देलागोआ. झुलू मुलूख त्याच्या खालीच. इमाली ऐकायला इंग्रजी 'मनी'सारखा वाटतो खरा, पण हा किनारा पाहिल्यावर ते पटत नाही.

(टेकडी. गुरांचा वाडा.)

शब्द पोचला, तरी इथली संपत्ती चार पायांवरच चालायची. मुलीच्या घरी द्यायची लोबोला, म्हणजे वधूमूल्य, गुरांत. मान गुरांत.

(जुनी छायाचित्रं. गोल झोपड्या.)

नाणं दारोदार गेलं ते करापायी. 1849 साली डर्बनच्या मुलखात, नाताळ नावाच्या ब्रिटिश वसाहतीत, अधिकारी थिओफिलस शेपस्टन यांनी दर झोपडीमागे 7 शिलिंग कर बसवला. 1875 साली त्याचे 14 झाले. शिलिंग काही वाड्यात वीत नाहीत! तरुण निघाले किम्बर्लीच्या हिऱ्यांकडे, 1886 नंतर जोहान्सबर्गच्या सोन्याकडे. 1906 साली, या करातून सुटलेल्या पुरुषांकडून माणशी एक पौंड डोईपट्टी वसूल होऊ लागली. झुलू सरदार बंबाथाचं बंड झालं, तीन हजारांवर झुलू मारले गेले.

(लोबोलाची बैठक. चटईवर नोटा.)

पौंड जाऊन रँड आला 1961 साली. लोबोलाच्या बैठकीत आता बहुधा नोटा मोजल्या जातात; बोलणी मात्र गायींतच.