टेन्शन कुठे आलंय?

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेत विषय ‘देहभान आणि सहजीवन’ असा छापलाय. चिटणीसांनी फोनवर हळूच विचारलं होतं, “मॅडम, सहजीवन म्हणजे… कितपत?” म्हटलं, घाबरू नका. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक सुरू केलं १९२७ साली. शंभर वर्षं होत आली, तरी आज पहिल्या दोन रांगा रिकाम्याच आहेत!

माझं भांडण ‘टेन्शन’ या शब्दाशी आहे. आमच्या आजीला कधी टेन्शन आलं नाही. तिच्या पोटात गोळा यायचा, छातीत धस्स व्हायचं, हातपाय गळायचे. आजोबा बोलायला लागले की अंगाची लाही व्हायची. प्रत्येकाची जागा ठरलेली. आता सगळ्याला मिळून एकच शब्द, आणि तो अंगात कुठेच राहत नाही.

आमचे हे बँकेत होते. संध्याकाळी घरी यायचे ते कपाळाला आठ्या घेऊनच. “काय झालं?” “काही नाही, टेन्शन.” मी फिजिओथेरपिस्ट, एकदा विचारलं, “कुठे?” म्हणाले, “ऑफिसात.” अहो, अंगात कुठे? चहा निवला, साय धरली, तेव्हा गालावर बोटं ठेवून म्हणाले, “दाढा आवळल्यात गं.” बावीस वर्षं मी समजत होते, हे माझ्यावर चिडलेत! माझा हात धरायचे तोही लोकलची कडी धरल्यासारखा. मी सोडवून घ्यायचे, त्यांना वाटायचं हिला नकोय. मग दोघंही भिंतीकडे तोंड करून. (हसू नका, तिसऱ्या रांगेत कुणीतरी कुणाला तरी कोपर मारलेलं मला दिसलंय.)

चिठ्ठी आली, ‘पाच मिनिटे’. मुद्दा राहिलाच की.

तर भराभर. श्वास, धडधड, भूक, पोटातला ताण या आतल्या खबरींना इंटरोसेप्शन म्हणतात. रात्री पडल्या पडल्या टाचेपासून टाळूपर्यंत लक्ष फिरवा. सैल करायची घाई नको, आधी नुसतं कळू दे. कुणाला जुन्या आघातामुळे यानंच घाबरल्यासारखं झालं, तर डोळे उघडा, थांबा, समुपदेशकाला गाठा.

मग जोडीनं. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी १९७० साली मांडलेल्या पद्धतीत सुरुवातीला संभोगाला चक्क बंदी. आळीपाळीनं फक्त स्पर्श, तोही आधी खासगी अवयव वगळून. ऊब, खरखर, दाब काय जाणवतं तेवढंच बघायचं. परीक्षा नाही, म्हणून नापास होण्याची धास्ती नाही. आणि सावकाश! केसाळ त्वचेतले काही मज्जातंतू सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाच्या हलक्या स्पर्शाला सगळ्यात जास्त दाद देतात. मनगटापासून कोपरापर्यंत सात-आठ सेकंद घ्या. आत्ता करून बघा. स्वतःच्या हातावर, काका!

दुसरी चिठ्ठी आली. शेवटच्या रांगेत आमचे हेही घड्याळ बघतायत. दाढा आवळलेल्या इथून दिसतायत. थांबते.