छतावरचा स्पॉटलाइट आणि त्याच्याखालचे छिद्र

(दृश्य : भोसरीतील बॉडी-बिल्डिंग वर्कशॉपचे आवार. शिडीच्या वरच्या पायरीवरून दिसणारे मोटरहोमचे, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचे, छत.)

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील या वर्कशॉपमध्ये मे महिन्यात छतांची कामे चालू असतात. पुण्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचतो. त्याआधी वळिवाच्या एक-दोन सरी येऊन जातात आणि वर्षभर उन्हात तापलेल्या छताला कुठे चीर गेली आहे, हे त्या सरींतच कळते. आज शिडी लागली आहे ती मिनीबसच्या चॅसीवर बांधलेल्या एका मोटरहोमला. तिच्या छतावर दोन सौर पॅनेल आहेत, हवेसाठी एक झडप आहे आणि पुढच्या बाजूला, आतल्या बटणांनी फिरवता येणारा एक स्पॉटलाइट आहे. पवना धरणाच्या काठी किंवा ताम्हिणीच्या पलीकडे रात्री मुक्कामाची जागा शोधताना पुढची जमीन दलदलीची आहे का, फांद्या किती खाली आल्या आहेत, हे पाहण्यासाठी मालकांनी तो बसवून घेतला होता. काही महिन्यांपासून त्याचा प्रकाश मंदावत गेला आणि आता तो लागतच नाही.

मिस्त्रींनी मात्र पहिली पाहणी गाडीच्या आत केली. दिव्याच्या बरोबर खाली आणि त्याच्या आसपास हातभर अंतरापर्यंत त्यांनी छताचे अस्तर अंगठ्याने दाबून पाहिले. मालक दिव्याबद्दल विचारत होते, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "काका, दिवा मिळेल कधीही. आधी आतलं लाकूड कोरडं आहे ना, ते बघू."

कामाचा हाच क्रम योग्य आहे. छतावर दिवा बसवायचा, तर बैठकीच्या स्क्रूंसाठी चार आणि वायरसाठी एक अशी पाच छिद्रे छताला पाडावी लागतात. दिवा बंद पडला, तर तेवढ्यापुरती रात्रीची गैरसोय होते; परंतु त्या पाच छिद्रांपैकी एकातूनही पाणी आत शिरू लागले, तर फायबरच्या पातळ थराखालचे प्लायवूड फुगते, त्याचे थर सुटतात, ते कुजते, आणि दुरुस्तीचा खर्च दिव्याच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. म्हणून छतावरच्या स्पॉटलाइटची देखभाल ही सर्वप्रथम त्याच्या बैठकीची देखभाल आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

(दृश्य : जुन्या दिव्याच्या बैठकीभोवतीचे पांढरे, तडकलेले सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप.)

बैठकीभोवती दिसणारा हा पांढरा थर साध्या सिलिकॉनचा आहे. न्हाणीघराच्या फरशीच्या कडा भरण्यासाठी मिळणारे, ओले असताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन छतावर वापरू नये, आणि त्याला दोन ठोस कारणे आहेत. ते वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते, आणि ते आम्ल तांब्याच्या वायरीला व उघड्या पत्र्याला गंज आणते. दुसरे असे की, एकदा सिलिकॉन लागलेल्या पृष्ठभागावर नंतर कोणतेही सीलंट नीट चिकटत नाही, अगदी नवे सिलिकॉनसुद्धा नाही. त्यामुळे जुन्या थरावर नवा थर चढवण्याची जी सवय अनेक ठिकाणी दिसते, ती गळती थांबवत नाही, फक्त झाकते. छताच्या कामासाठी बैठकीखाली ब्यूटाइल टेप आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंट वापरणे उचित ठरते. ब्यूटाइल मळलेल्या कणकेसारखे मऊ राहते, कधीही पूर्ण कडक होत नाही, आणि उन्हाने छत पसरले किंवा रात्री आकसले, तरी त्याच्याबरोबर हलत राहते.

पाणी दिव्याच्या आत कसे जाते, हेही समजून घेण्याजोगे आहे. हॅलोजनचा बल्ब पेटलेला असताना दिव्यातील हवा तापून पसरते. त्या तापलेल्या दिव्यावर अचानक पाऊस पडला की आतली हवा झपाट्याने थंड होऊन आकसते, आत कमी दाब निर्माण होतो, आणि काचेच्या कडेचे रबर म्हातारे झाले असेल, तर बाहेरचे पाणी त्या फटीतून अक्षरशः ओढले जाते. काचेच्या आतल्या बाजूस धुके किंवा थेंब दिसू लागले की रबर बदलण्याची वेळ झाली, असे समजावे. चांगल्या दिव्यांना हवा जाऊ-येऊ देणारी पण पाणी अडवणारी एक बारीक झडप असते. सीलंट लावताना ती चुकूनही बुजवू नये.

सर्व्हिस स्टेशनवरच्या पाण्याच्या फवाऱ्याचे काय, असा प्रश्न येथे साहजिकच येतो. दिव्यावर आयपी ६७ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ धूळ पूर्णपणे अडवणारा आणि १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडवला तरी टिकणारा, एवढाच आहे. जवळून मारलेल्या जोरदार फवाऱ्याची हमी त्यात येत नाही. त्यासाठी वेगळी वर्गवारी असते. म्हणून गाडी धुण्यासाठी देताना छताच्या सामानावर जवळून फवारा मारू नये, असे आवर्जून सांगावे.

(दृश्य : वायरमन डॅशबोर्डखालचा फ्यूज काढून पाहतो.)

लाकूड कोरडे निघाले. आता वायरमनची पाळी आली. फ्यूज शाबूत आहे, रिले (बटण दाबताच दिव्याचा करंट जोडणारा स्विच) टिकटिकतो आहे, आणि मल्टिमीटर दिव्याच्या कपलरवर, म्हणजे वायरीच्या जोडावर, १२ व्होल्ट दाखवतो आहे. तरीही दिवा पेटत नाही. येथे बरेच जण बल्ब खराब ठरवून मोकळे होतात. मल्टिमीटरमधून नगण्य करंट वाहतो, त्यामुळे वायरीतले सगळे धागे गंजून एकच धागा उरला असेल, तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवते. प्रत्यक्ष भार टाकल्यावर मात्र तेच व्होल्टेज कोसळते. म्हणून वायरमनने कपलरवर बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प जोडला, आणि तो जेमतेम लालसर झाला. त्यानंतर टेस्ट लॅम्पची अर्थची बाजू (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी) थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडताच तो लखलखीत पेटला. दोष अर्थमध्ये होता. छताच्या आतल्या लोखंडी पट्टीवर स्क्रूने आवळलेले थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचे धातूचे कडे, गंजून हिरवे पडले होते आणि त्याखालचा रंगही कधी खरवडलेला नव्हता. बंद पडलेल्या दिव्यांची चौकशी अर्थपासून सुरू करावी, असे आम्ही आग्रहाने सांगू.

मग दिवा मंद का होता? त्याचे एक कारण गंजत चाललेला अर्थ होते, आणि दुसरे वायरीच्या जाडीत होते. हा दिवा १०० वॅटचा होता, म्हणजे १२ व्होल्टवर तो सुमारे ८.३ अँपिअर करंट घेतो. बॅटरीपासून छतापर्यंत ६ मीटर जाणारी आणि ६ मीटर परत येणारी वायर अवघ्या १ चौरस मिलिमीटरची टाकलेली होती. एवढ्या बारीक वायरीत वाटेतच सुमारे दीड व्होल्ट खर्ची पडतो. दीड व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतो, पण हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने घसरतो, आणि एवढ्या घटीत जवळपास एक तृतीयांश प्रकाश जातो. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची असती, तर घट पाऊण व्होल्टाच्या आत राहिली असती. फ्यूज हा दिव्याच्या नव्हे तर वायरीच्या रक्षणासाठी असतो, हेही येथे नमूद केले पाहिजे. वायर बारीक ठेवून फ्यूज तेवढा मोठा घालणे म्हणजे लाकडी अस्तराच्या मागे आगीला वाट मोकळी करून देणे होय.

अर्थ दुरुस्त करून जुना दिवा चालवता आला असता. तथापि त्याची पॉलिकार्बोनेटची काच उन्हाने पिवळी व धुरकट झाली होती आणि फिरवणाऱ्या मोटरच्या प्लॅस्टिक गिअरचे दाते झिजले होते. मालकांनी ३० वॅटचा एलईडी दिवा निवडला. तो सुमारे अडीच अँपिअरच घेतो, म्हणजे मुक्कामात बॅटरीवर पडणारा ताण बराच हलका होतो. एलईडीला मात्र उष्णतेचे पथ्य असते. त्याच्या मागच्या ॲल्युमिनियमच्या पंखांमध्ये धूळ आणि वाळकी पाने साचली, तर उष्णता बाहेर जात नाही व त्याचे आयुष्य घटते. तेव्हा ते पंख मऊ ब्रशने साफ ठेवावेत. ज्यांना हॅलोजनच ठेवायचा आहे, त्यांनी नव्या बल्बच्या काचेला उघडे बोट लावू नये, कारण बोटाचे तेल तापून तेथेच काच तडकते. दिवे आणि रिलेसाठी नाना पेठ, वायर आणि थिंबलांसाठी तपकीर गल्ली, ही पुण्यातली जुनी ठिकाणे आजही उपयोगी पडतात. वस्तू हातात घेऊन, वायरीतल्या तांब्याची जाडी डोळ्यांनी पाहून ती घेता येते, याचे मोल मोठे आहे.

(दृश्य : छतावर आडवी टाकलेली फळी. मिस्त्री गुडघे टेकून बसलेले.)

फायबरच्या छतावर थेट उभे राहू नये. भार आतल्या आडव्या पट्ट्यांवर जाईल अशी फळी टाकावी, आणि छत ओले असताना वर चढूच नये. काम सुरू करण्यापूर्वी प्रथम सौर पॅनेलची जोडणी कंट्रोलरपासून (पॅनेलवरून बॅटरीचे चार्जिंग सांभाळणाऱ्या उपकरणापासून) तोडावी आणि त्यानंतर बॅटरीचे निगेटिव्ह काढावे. हा क्रम उलटा केल्यास बॅटरीचा आधार नसताना पॅनेलचे व्होल्टेज कंट्रोलरवर येते व तो बिघडू शकतो.

जुनी बैठक लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली, तर फायबरचा वरचा थर फाटतो. मिस्त्रींनी हेअर ड्रायरने सीलंट कोमट केले, बैठकीखालून मासेमारीचा नायलॉन दोरा करवतीसारखा ओढत नेला आणि मग लाकडी पाचरीने बैठक अलगद उचलली. वायर ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला त्यांनी सुतळी बांधली. ही सुतळी विसरली, तर नवी वायर आत घालण्यासाठी अख्खे अस्तर उतरवावे लागते.

आता छिद्रे उघडी पडली. टोच्याने कडा टोचून पाहिल्या, तेव्हा चारपैकी मागच्या एका स्क्रूभोवतीचे लाकूड काळपट आणि मऊ लागले. आतून अंगठ्याला ते जाणवले नव्हते, कारण ओल अजून वरच्या थरापुरतीच होती. एवढ्यावर निभावले, हे सुदैव. तो भाग खरवडून काढला, दोन दिवस कडक उन्हात उघडा ठेवून वाळवला आणि इपॉक्सीने भरला. या वाळवण्याच्या दिवसांत घाई करणे हीच सर्वांत महाग चूक ठरते, कारण ओल आत कोंडून वरून सील केलेले छत आतल्या आत कुजत राहते. जुन्या सिलिकॉनचा शेवटचा कणही प्लॅस्टिकच्या पात्याने काढून पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. पत्र्याचे छत असेल, तर छिद्राच्या उघड्या कडेला गंजरोधक प्रायमर लावणे याच टप्प्यावर आवश्यक असते.

नव्या दिव्याची जोडणी सोल्डर न करता क्रिम्प केलेल्या, म्हणजे पक्कडीने वायरीवर दाबून बसवलेल्या, थिंबलांनी केली, कारण चालत्या गाडीच्या कंपनात सोल्डरपाशी वायर कडक होऊन तुटते. प्रत्येक जोडावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) चढवली. फ्यूज १५ वरून ५ अँपिअरचा केला. अर्थसाठी स्वतंत्र वायर बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली. वायर छिद्रात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिला, म्हणजे वायरीवरून वाहत आलेले पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते आणि छिद्रापर्यंत चढत नाही.

बैठकीखाली ब्यूटाइल टेपचे पूर्ण कडे घातले, छिद्रांभोवती आणखी एक फेरा दिला आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळले. टेप कडेने बाहेर फुगून आला की थांबावे. दुसऱ्या दिवशी तो बसलेला असतो, तेव्हा आणखी एकदा आवळून जास्तीचा भाग कापावा, मग कडेने आणि स्क्रूंच्या डोक्यांवर पॉलियुरेथेन लावावे. हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने दिवसाला साधारण ३ मिलिमीटर खोलवर घट्ट होते, म्हणून गाडी लगेच द्रुतगती मार्गावर नेऊ नये.

रस्त्याचा विषय निघालाच आहे, तर कायद्याचेही सांगितले पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ नुसार, अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतल्याखेरीज वाहनाच्या पुढील बाजूस स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. म्हणून दिवा बसवण्यापूर्वीच आरटीओत विचारणा करावी, आणि परवानगी असली तरी वाहतुकीच्या रस्त्यावर तो बंद व झाकलेलाच ठेवावा. वरंध किंवा ताम्हिणीच्या वळणावर समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर असा झोत पडणे जीवघेणे ठरू शकते.

(दृश्य : पाण्याच्या नळीने छतावर सोडलेली संथ धार. आत बसलेला मदतनीस.)

शेवटची चाचणी पाण्याची असते. बैठकीच्या खालच्या कडेपासून सुरुवात करून धार हळूहळू वर न्यावी, म्हणजे पाणी नेमके कोणत्या उंचीवर शिरते ते कळते. आतल्या मदतनिसाने छिद्राभोवती टिश्यू पेपर दाबून धरावा. बोटाला न जाणवणारी ओलही त्यावर उमटते. पुढे दरवर्षी मे महिन्यात आणि दसऱ्यानंतर हीच पाहणी करावी, सीलंटला चीर दिसल्यास तेवढा भाग कापून नव्याने भरावा, आणि दिवा महिन्यातून एकदा दोन्ही दिशांना पूर्ण फिरवावा, म्हणजे गिअर जाम होत नाहीत. पहिल्या मोठ्या पावसानंतर केवळ दिव्याखाली पाहून समाधान मानू नये. पाणी छिद्रातून शिरल्यावर अस्तर आणि छत यांच्यामधून उताराच्या दिशेने सरकते आणि बरेचदा दोन-तीन फूट दूर, कपाटाच्या मागे किंवा खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात प्रकट होते. तेव्हा गाडी ज्या बाजूला कललेली उभी होती, त्या बाजूचे कोपरे आधी तपासावेत.