सामाईक क्षेत्र

नमस्कार मंडळी. विषय दिला होता 'आठवणीतलं कोकण', पण गेल्या रविवारचं डोक्यातून जात नाहीये.

पुतण्याने देवगडच्या बागेच्या वाटणीचा कागद सहीला पाठवलाय. म्हणून सातबारा मोबाइलवर उतरवला. धाकटी डोकावली. आपल्या मराठी मंडळाच्या शाळेची कृपा, परदेशात वाढूनही मराठी वाचता येतं. "बाबा, सामाईक क्षेत्र म्हणजे?" म्हटलं, दोघांचं मिळून, वेगळं न केलेलं. "म्हणजे तू आणि काका एकाच टीममध्ये? मग बोलत का नाही?"

हा काका म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार महिन्यांनी मोठा. दादा मी त्याला कधी म्हटलं नाही. अढीतले आंबे चोरायचे दोघांनी, मार खायचा त्याने. दहावीनंतर लालबागच्या खोलीत एकालाच जागा होती, ती मला मिळाली. मार्क त्याचे जास्त होते. हे आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. कलमं मुळासकट आडवी, पडवीवर माड. मी लगेच पैसे पाठवले आणि खाली लिहिलं, 'पावत्या ठेव.' सवय हो! आपण वडापावाच्याही ठेवतो, खजिनदार हसतायत बघा. त्याने पै न् पै माझ्या गावच्या खात्यात परत भरली. वर निरोप, "माका हिशोब इचारणारो तू कोण?"

तरी चतुर्थीला व्हिडिओ कॉल लावतो, चुकत नाही. फोन माटवीखाली, म्हणजे गणपतीवर फळं टांगायच्या लाकडी चौकटीखाली, खांबाला टेकवतो आणि एक शब्द न बोलता आरतीला निघून जातो. मी इथे रात्री साडेअकराला झब्बा घालून वर टांगलेला एक नारळ आणि दोन कवंडळं, म्हणजे रानफळं, बघत टाळ्या वाजवतो. बायको म्हणते, देव तरी दिसतो का? कधीकधी सोंड दिसते.

रागावू नका, पण 2018 ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा छाती आपली फुगली, फवारणीचा पंप पाठीवर त्याच्या. नाणारच्या रिफायनरीवर आपण हातात समोसा धरून तासभर भांडलो. आपल्यातल्या किती जणांच्या मुलांना गावच्या भावंडांची नावं सांगता येतील? माझ्या थोरल्याला नाही येत. आणि उद्या कागदावर ह्या मुलांचीच नावं चढणार.

तो कागद फ्रिजवर लावलाय. धाकटी रोज विचारते, सही केलीस? चतुर्थी तीन आठवड्यांवर आली. फोन टेकवून तो निघून जायच्या आत त्याला काय म्हणायचं, पावत्यांचं की मार्कांचं, ते काही सुचत नाहीये.