पोट भरलं, पण अंगातला जोर?

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो.

बाजारातून आणलेला बैल टेम्पोतून उतरतो तेव्हा त्याच्या डाव्या कुशीची खळगी आत गेलेली असते. आपण पुढ्यात कडबा टाकतो, पाणी दाखवतो. सकाळी बघावं तर खळगी भरलेली, बैल निवांत रवंथ करत बसलेला. झाला ताजा, जुंपा आता!

थांबा जरा. भरलंय ते पोट.

जनावर साखरेचा साठा ग्लायकोजनच्या रूपात करतं, यकृतात आणि स्नायूंत. उपास घडला की यकृतातला साठा एक-दोन दिवसांत उतरतो. स्नायूंतला मात्र दावणीला स्वस्थ बांधलेल्या जनावरात हळूहळूच कमी होतो. मग बाजारचा बैल इतका गळतो का? नुसत्या भुकेनं नाही. रात्रभर पाय रोवून उभं राहायचं, दर गचक्याला तोल सांभाळायचा, शेजारी अनोळखी शिंगं. त्या धास्तीनं ॲड्रेनालीन सुटतं आणि स्नायूंतला साठा उपसला जातो.

तो भरून यायला वेळ लागतो. आपण दमलो तरी दोन वेळा पोटभर भाकरी खाल्ली की दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी सावरतो. बैलाचं तसं नाही. त्यानं खाल्लेलं पोटातले जंतू आधी आंबवतात, त्याची आम्लं होतात, आणि त्यांतल्या प्रोपियॉनिक आम्लापासून यकृत साखर बनवतं. एवढा वळसा! म्हणून स्नायू भरायला कित्येक दिवस, कधी आठवडाही जातो. मांसाच्या धंद्यातल्या लोकांना हे चांगलं ठाऊक आहे. साठा संपलेल्या जनावराच्या मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही, ते काळपट राहतं. आम्ल जितकं कमी तितका सामू (पीएच) जास्त; ऑस्ट्रेलियात प्रतवारी करताना तो 5.7 च्या वर गेला की मांस बाजूला काढतात.

लवकर ताकद यावी म्हणून घमेलंभर भरडा मात्र ठेवू नका. उपाशी पोटात एकदम धान्य पडलं की पोट आंबतं, जनावर आडवं होतं, प्रसंगी दगावतं. आधी वैरण आणि पाणी, मग आंबोण थोडं थोडं वाढवत न्या. आठवडाभर नांगर नको.

मागं एका शेतकऱ्यानं मला विचारलं, "डॉक्टर, वाफसा थांबतो का आठवडाभर?" नाही थांबत. तेवढ्यापुरती शेजाऱ्याची जोडी सावडीनं आणा.