बावीस सेकंद गेली कुठे?

[काळी स्क्रीन. पांढऱ्या ओळी सरसर वर सरकतात.]

समजा, पहाटेचे तीन वाजून बारा मिनिटं झालीत. तीन नोडांचं क्लस्टर, म्हणजे एक पडला तर दुसऱ्यानं काम उचलावं असा सर्व्हरांचा गट. तिन्ही व्हर्च्युअल सर्व्हर. त्यातला दुसरा आत्ता पडला. डेटाबेस तिसऱ्यावर गेला, वापरणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. क्लस्टर बांधतात ते यासाठीच. पण सकाळी लॉग उघडून बसणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न वेगळाच असतो: नोड मेला, की मारला?

क्लस्टरमध्ये मारणं हा रीतसर कारभार आहे. नोडांना एकत्र बांधणारं सॉफ्टवेअर म्हणजे कोरोसिंक. त्याचं टोकन, म्हणजे हजेरीचा निरोप, नोडांमधून फिरत राहतं. ३.१ आवृत्तीपासून त्याची मुदत ३००० मिलिसेकंद, तिसऱ्या नोडापायी वर आणखी ६५०. तेवढ्यात टोकन आलं नाही, की हरवलं असं धरायचं. आता, गप्प झालेला नोड मेलाच असेल असं नाही. तो मागाहून जागा झाला आणि त्याच डिस्कवर लिहायला लागला, तर फाइलसिस्टिमची वाट लागेल. म्हणून उरलेले दोघे आधी त्याला बंद पाडतात. या पद्धतीचं नाव स्टोनिथ, म्हणजे ‘शूट द अदर नोड इन द हेड’. नाव थट्टेचं आहे, काम नाही. व्हर्च्युअल सर्व्हरची तार उपटायची सोय नसते, तेव्हा हायपरव्हायझरला, म्हणजे असे सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सांगितलं जातं: हा व्हीएम (व्हर्च्युअल सर्व्हर) बंद कर. क्षणात मेमरी साफ. आणि मेमरीबरोबर पुरावाही.

कारण जर्नलडी, म्हणजे लिनक्सवर लॉग लिहिणारा प्रोग्रॅम, साध्या ओळी डिस्कवर पक्क्या करतो त्या मुळात पाच मिनिटांतून एकदा. शेवटच्या ओळी, म्हणजे ज्या हव्यात त्याच, हवेत विरतात. मागच्या बूटचा लॉग तीन अकरापर्यंत शांतपणे चालतो आणि मध्येच तुटतो. ना पॅनिक, ना ऊप्स: कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कोसळल्याची वा चुकल्याची नोंदच नाही. नवखा माणूस इथे म्हणतो, ‘कर्नलनं काहीच सांगितलं नाही.’ सांगितलं असेलही, लिहून घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

त्यासाठी केडंप असतो. कर्नल कोसळला की आधीच राखून ठेवलेल्या मेमरीत दुसरा छोटा कर्नल उठतो आणि मेलेल्याची मेमरी फाइलीत उतरवतो. पंचनामाच तो. पण पंचनाम्याला वेळ लागतो, आणि स्टोनिथला तेवढा धीर नसतो. मग हाती लागते ती अर्धवट फाइल, नावातच ‘इनकम्प्लीट’ लिहिलेली. फेन्स-केडंप हा एजंट नेमका इथे उपयोगी पडतो. पडलेला नोड यूडीपीच्या ७४१० पोर्टवर निरोप धाडत राहतो: मी पडलोय, डंप लिहितोय, हात लावू नका. (केडंप बसवून कधीच चालवून न पाहणारे फार भेटतात. चाचणीच्या नोडावर एकदा मुद्दाम पॅनिक घडवून बघा. फाइल तयार होत नाही हे आधीच कळलेलं बरं.)

त्याहून सोपं, आणि माझ्या मते आधी करायचं काम: गेस्टचा, म्हणजे व्हीएमचा, सिरियल कन्सोल (कर्नलच्या ओळी बाहेर पडतात ती वाट) होस्टवरच्या, म्हणजे तो चालवणाऱ्या यंत्रावरच्या, फाइलीत लिहायला लावणं. व्हीएम मारला तरी ती फाइल राहते.

[कन्सोलची फाइल. एक ओळ उजळते.]

ही बघा. ‘सॉफ्ट लॉकअप, सीपीयू क्रमांक २, २२ सेकंद अडकलेला.’ चौकोनी कंसातला आकडा बूट झाल्यापासूनचे सेकंद सांगतो. तो दुसऱ्या नोडाच्या घड्याळाशी थेट जुळवायला जाऊ नका. थोडं खाली टेंटची, म्हणजे कर्नलला आधी काय झालंय ते सांगणारी, अक्षरं आहेत. ‘एल’ असेल तर लॉकअप आधीही झालाय, ‘डी’ असेल तर कर्नल आधीच एकदा ऊप्स म्हणालाय. म्हणजे तुम्ही वाचताय तो परिणाम, मूळ घटना वर कुठेतरी. वर जा. ऊप्सच्या ओळीत #१ दिसेपर्यंत जा. कॉल ट्रेसमध्ये, म्हणजे कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं त्या यादीत, ज्या फंक्शनआधी प्रश्नचिन्ह असतं, त्यावर फार विसंबू नका. स्टॅकवर उरलेला जुना कचराही तसाच दिसतो.

आता खरी गोम. कर्नल म्हणतो सीपीयू अडकला. त्याचा वॉचडॉग, म्हणजे अडकलेला सीपीयू हेरणारा पहारेकरी, सुमारे २० सेकंद वाट पाहून ओरडतो. पण गेस्टचा सीपीयू त्याच्या मालकीचा नसतो, होस्टनं दिला तर मिळतो. होस्टवर गर्दी झाली, स्नॅपशॉटसाठी व्हीएम थांबवला, होस्टच स्वॅपमध्ये गेला, की गेस्टचा श्वास अडतो. अडलेल्याला ते कळत नाही. भूल दिलेल्या माणसानं उठून ‘मला झोप लागली नव्हती’ म्हणावं, तसा कर्नल आपल्याच कोडवर आळ घेतो. मग त्या ट्रेसमधलं फंक्शन शोधत लोक दोन-दोन दिवस घालवतात. ते बिचारं नुसतं तिथे उभं होतं.

आणि हिशेब बघा: वॉचडॉगला हवीत २० सेकंदं, टोकनला चारही नकोत. अख्खा व्हीएम थिजला तर कर्नल तोंड उघडायच्या आधीच स्टोनिथ पोचतो. म्हणून मेलेल्यापेक्षा जगलेल्यांचे लॉग वाचावेत, तेही आदल्या रात्रींचे. कोरोसिंक तिथे लिहून ठेवतो: मुख्य प्रोसेस इतके मिलिसेकंद शेड्यूल झाली नाही, टोकनची मुदत वाढवण्याचा विचार करा. मुदत वाढवली की नोड मरायचा थांबतो. दुखणं तसंच राहतं.

आपल्या क्लस्टरमध्ये तशा ओळी सापडल्या. सलग चार रात्री, दोन नोडांवर, तीन दहा ते तीन पंधराच्या दरम्यान. यादी काढली तर ते दोन्ही नोड एकाच होस्टवर निघाले. क्लस्टर चालतं बहुमतावर, आणि तीन मतांतली दोन एकाच पेटीत.

[रात्र. टर्मिनलवर व्हीएमस्टॅट, यंत्रावरचा ताण दाखवणारी आज्ञा; दर सेकंदाला एक ओळ. शेवटाजवळ ‘एसटी’चा रकाना: होस्टनं हिरावलेला वेळ, टक्क्यांत.]

तीन वाजून नऊ मिनिटं. शून्य. शून्य. शून्य.

तीन दहा. होस्टवर बॅकअप सुरू झाला.

शून्य. सहा. एकतीस. अठ्ठावन्न.