७९६.३३२

चित्रफितींच्या सूचीचा खण ओढला की आधी दिसतात त्या कार्डांच्या कडा, हाताळून हाताळून मऊ झालेल्या. या कार्डावर टंकलेला वर्गांक, म्हणजे विषयाचा क्रमांक, आहे ७९६.३३२. रीळ यंत्रावर चढवलं. गोल चेंडू, पायाने खेळणारे खेळाडू. फुटबॉल.

आता शेजारच्या खोलीतला संग्रह. वर्गांक तोच, ७९६.३३२. पडद्यावर मात्र हेल्मेट घातलेली माणसं लांबट चेंडू छातीशी धरून धावताहेत. हा अमेरिकन फुटबॉल.

चूक कुणाचीच नाही. पहिला संग्रह यूडीसी या वर्गीकरण पद्धतीवर लावलेला, दुसरा ड्यूईच्या दशमान पद्धतीवर. मेल्विल ड्यूईंची पद्धत १८७६ मध्ये छापली गेली. १८९५ मध्ये ब्रसेल्समध्ये पॉल ऑतले आणि आँरी ला फोंतेन यांनी तिच्याच आधारावर जगभरच्या लेखनाची सूची करायला घेतली. त्यातून यूडीसी उभी राहिली. पुढे बीबीसीने आपल्या संग्रहासाठी लॉनक्लास ही पद्धत बेतली, तीही यूडीसीवरूनच. एकाच घरातली भावंडं ही. हवामानाचा ५५१.५ ड्यूईत आणि यूडीसीत आजही हवामानच. म्हणूनच फसगत होते. आकडा जुळला की अर्थही जुळला, असं वाटून जातं. संगणकाला तर तेवढंच कळतं. त्यामुळे दोन पद्धतींचे वर्गांक जुळवण्याचं काम रीळ पाहिलेल्या माणसाच्या हातूनच व्हायला हवं, असं आम्ही ठामपणे म्हणतो.

पडद्यावरचा हा तक्ता पाहा. डावीकडे यूडीसी, उजवीकडे ड्यूई, मधल्या रकान्यात नातं: तंतोतंत, जवळचं, व्यापक की संकुचित. ही नाती स्कॉसमधली. स्कॉस म्हणजे अशा वर्गीकरणांची मांडणी संगणकावर करायची पद्धत, २००९ मध्ये मानक झालेली. ‘जवळचं’ लिहिताना हात जपून चालतो. पहिलं दुसऱ्याच्या जवळ आणि दुसरं तिसऱ्याच्या, एवढ्यावरून पहिलं तिसऱ्याच्या जवळ ठरत नाही. स्कॉसही तसं मानत नाही.

जुळणी चुकली, तर ते रीळ कुणाच्याच शोधात येत नाही.

हे कार्ड जरा वेगळं. ७९६.३३२:५५१.५. मधला अपूर्णविराम यूडीसीचा. दोन विषयांचं नातं तो दाखवतो. कार्ड उलटलं की मागे पेन्सिलीने लिहिलंय, ‘दुसरा अर्ध, पाऊस.’ ड्यूईच्या रकान्यात हे सगळं एका ओळीत बसत नाही. म्हणून जुळणी करणारी सूचीकार दोन ओळी करते. एकीत ७९६.३३४, ड्यूईतला फुटबॉल. दुसरीत ५५१.५. जुना वर्गांक दोन्हींच्या डावीकडे, अपूर्णविरामासकट, जसाच्या तसा.