वीस पोरांत सहा निगेटिव्ह? आधी बाटली तपासा

(तीन बाटल्या हातात घेऊन, कॅमेऱ्याकडे बघत)

नमस्कार मंडळी. या तीन बाटल्या बघा. निळी ती अँटी-ए, पिवळी ती अँटी-बी, आणि ही पाण्यासारखी दिसते ती अँटी-डी. रक्ताच्या थेंबात यांचा थेंब मिसळायचा: अँटी-ए ने गुठळी झाली तर रक्तात ए आहे, अँटी-बी ने झाली तर बी, आणि अँटी-डी ने झाली तर आरएच पॉझिटिव्ह. तुमचा ब्लड ग्रुप कुठेही काढला असेल, तरी तो बहुतेक अशाच बाटल्यांच्या भरवशावर काढलेला असतो. मी चंद्रपूर जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. या बाटल्यांवर भरवसा ठेवायच्या आधी काय करायचं, ते आज सांगते.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. काही वर्षांमागे मार्च संपता संपता एका शाळेत ब्लड ग्रुप तपासणीचं शिबिर होतं. वर टिनाचं शेड, उन्हाचा नुसता तडाखा. वीस पोरं झाल्यावर मी रजिस्टरवर नजर टाकली, तर सहा जण आरएच निगेटिव्ह. आपल्या देशात शंभरात साधारण पाच जण निगेटिव्ह निघतात. म्हणजे वीस पोरांत एखादा, फार तर दोन. सहा कसे? मी तिथेच काम थांबवलं आणि लिहिलेली कार्डं परत मागून घेतली.

आइसबॉक्स होता, त्यात बर्फही होता. पण दरवेळी कोण आतबाहेर करणार, म्हणून बाटल्या सकाळपासून टेबलावरच होत्या. अँटी-डीची बाटली तर त्याआधीच्या दोन शिबिरांतूनही फिरून आलेली. आणि निघताना मी कंट्रोल लावला नव्हता, म्हणजे ग्रुप माहीत असलेल्या रक्तावर बाटली तपासून बघितली नव्हती. खरी चूक ती.

ही द्रव्यं 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवीत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो आणि लाईन गेली की फ्रिज नुसतं कपाट होऊन बसतं. अँटी-डीची ताकद बहुधा इतर दोघींपेक्षा मुळातच कमी, त्यामुळे ढिली पडायला लागली की तिचं आधी जाणवतं.

आता नीट ऐका. खराब झालेलं दूध नासतं, वास येतो, आपल्याला कळतं. अँटिसेरम, म्हणजे या बाटल्यांतलं द्रव्य, तसं ओरडून सांगत नाही. कधी गढूळ होतं, तळाशी साका दिसतो, ती बाटली सरळ बाद करायची. पण बरेचदा ते दिसायला अगदी स्वच्छ असतं आणि फक्त गप्प बसतं. आणि आपल्या कामात गप्प बसणं हेही एक उत्तर आहे! गुठळी नाही म्हणजे निगेटिव्ह. तिन्ही बाटल्या मेलेल्या असतील, तर समोर येणारा प्रत्येक माणूस ओ निगेटिव्ह ठरेल. ए ग्रुपच्या रक्तदात्यावर ओ चा शिक्का बसला आणि ती पिशवी ओ च्या पेशंटला चढली, तर जीव जाऊ शकतो. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची लेकरं आहेत, त्यांतल्या काहींना वारंवार रक्त लागतं. त्यांच्यासाठी दर पिशवीला ही परीक्षा असते.

म्हणून रोज सकाळी पहिला पेशंट घेण्याआधी बाटलीचाच ग्रुप काढायचा, असं समजा. ज्यांचा ग्रुप पक्का माहीत आहे अशांचं रक्त घ्यायचं. आमच्याकडे स्टाफमधलेच देतात. त्यातल्या लाल पेशी सलाईनने तीनदा धुवायच्या. मग खाली बसलेल्या पेशींचा एक थेंब आणि सलाईनचे एकोणीस थेंब, झालं पाच टक्क्यांचं सस्पेन्शन, म्हणजे पेशींचं पातळ मिश्रण.

(टेस्ट ट्यूब कॅमेऱ्याजवळ)

अँटी-ए ला ए पेशींबरोबर गुठळी करता आली पाहिजे, आणि बी पेशींबरोबर अजिबात नाही. दोन्ही बघायचं. नुसतं पॉझिटिव्ह बघून सोडलं, तर ड्रॉपर अदलाबदल होऊन एकात दुसरं मिसळलेलं कधीच सापडणार नाही. अँटी-डी ला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह रक्त. लॉट नंबर, एक्सपायरी, निकाल आणि सही, सगळं त्याच वेळी रजिस्टरमध्ये. संध्याकाळी एकदम भरलेलं रजिस्टर मी तरी मानत नाही.

नवा लॉट आला की आणखी दोन गोष्टी. एक म्हणजे वेग. स्लाइडवर थेंब टाका, हलवा, आणि घड्याळ बघा. चांगलं अँटी-ए ए वन पेशींना (ए ग्रुपचाच एक प्रकार) तीन-चार सेकंदांत धरतं, म्हणजे त्यांची गुठळी करतं, बारीक वाळूसारखे दाणे डोळ्यांदेखत जमतात. दुसरी म्हणजे टायटर, म्हणजे किती पातळ केलं तरी द्रव्य काम करतं ते बघणं. सलाईन घालून दर नळीत निम्मं पातळ करत जायचं, 2 पट, 4 पट, 8 पट. आठव्या नळीत 256 पट पातळ झालेलं असतं. तिथेही गुठळी दिसली, तर अंगात ताकद आहे.

ही पाण्यासारखी अँटी-डी अजून एका कारणाने फसवते. तिचा थेंब टाकायचा राहिला तर नजरेला कळतच नाही. म्हणून आधी रिएजंटचा, म्हणजे बाटलीतल्या द्रव्याचा थेंब, मग रक्त. उलट कधीच नाही.

आणि रिव्हर्स ग्रुपिंग टाळू नका, म्हणजे पेशंटचा सीरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी) ग्रुप माहीत असलेल्या पेशींवर लावणं. खऱ्या ओ माणसाचा सीरम ए आणि बी दोन्ही पेशींना धरतो. धरला नाही, तर काहीतरी गडबड आहे. त्यात ओ पेशीही लावा. 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉम्बे ब्लड ग्रुप जगापुढे आणला. ती माणसं बाटल्यांच्या नेहमीच्या तपासणीत ओ दिसतात, पण त्यांचा सीरम ओ पेशींनाही धरतो. ओ पेशी लावल्याच नाहीत, तर तुम्ही त्यांना बिनधास्त ओ लिहून मोकळे व्हाल.

त्या शाळेचं काय झालं? दुसऱ्या दिवशी नवी बाटली, आधी कंट्रोल, आणि वीसही पोरांचं रक्त परत घेतलं. सहापैकी पाच पॉझिटिव्ह निघाले. एक मुलगी खरंच निगेटिव्ह होती. तिच्या आईला बोलावून कार्ड हातात दिलं, तर ती घाबरून म्हणाली, "काही होईन का जी पोरीले?" मी तिला बाजूला बसवलं आणि सांगितलं, आज काहीच नाही, पण हे कार्ड हरवू देऊ नका. उद्या तिचं लग्न झालं, दिवस गेले, की पहिल्याच तपासणीत हे दाखवायचं. बाळ पॉझिटिव्ह झालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत तिला अँटी-डीचं इंजेक्शन (ते औषध वेगळं, ही तपासणीची बाटली नव्हे) मिळायला हवं. आईने कार्ड पदराच्या टोकाला बांधलं आणि मला विचारलं, "बहात्तर तास म्हंजे किती दिवस जी?" तीन, मी म्हटलं. तिने बोटांवर मोजले.